दोन कानांतील तफावत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणाविषयी बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ३५ वर्षे खडू झिजवलेल्या माणसाने दुसरे बोलावे तरी काय? परंतु मी त्यांच्याकडून विषय बदलून मागून घेतला, आणि त्यांनीही थोडे आश्चर्य करून तो दिला. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. आज जे सांगणार आहे, त्यातील काही डॉक्टर मंडळींनी माझ्यासारख्याला कळेल अशा भाषेत समजावून दिले म्हणून ठाऊक झाले, आणि काही घरात सोसावे लागले म्हणून. समोर आपल्या ज्ञातीतील दोन-तीन डॉक्टर बसले आहेत. माझे चुकले तर त्यांनी खुशाल माझा कान धरावा. विषय कानाचाच आहे.

आमच्या मंडळींना, म्हणजे माझ्या पत्नीला, २०१३ च्या सुमारास डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले. 'ऐकू येऊ लागले' असे मी आज म्हणतो. त्या वेळी ते तिलाही कळले नाही आणि मलाही नाही. ती उजव्या कुशीवर निजत असे. पहाटे मी हाक मारली की तिला ऐकू जात नसे, आणि मी मनात म्हणत असे, ऐकून न ऐकल्यासारखे करते आहे. तिचा चांगला कान उशीत दबलेला असे, एवढी साधी गोष्ट एका शिक्षकाच्या ध्यानात आली नाही. एके दिवशी तिचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते, म्हणून मुलीने फोन तिच्या डाव्या कानाला लावला. ती म्हणाली, "अगं, फोन बंद पडला आहे." फोन चालू होता. मुलीने तोच उजव्या कानाला लावला, तर पलीकडून तिची बहीण केव्हाची बोलत होती.

आम्ही तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानातील मळ काढला. थोडे बरे वाटते असे तिने सांगितले, ते बहुधा डॉक्टरांचे मन राखण्यासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा "वयोमानाने असे व्हायचेच," असे उत्तर मिळाले. तिचे वय तेव्हा ५२ होते. ते उत्तर मी मुकाट्याने घरी घेऊन आलो. आज वाटते, तेथेच विचारावयास हवे होते की, डॉक्टरसाहेब, उजवा कान काय वयाने धाकटा आहे? दोन्ही कान एकाच दिवशी जन्मले, एकाच घरात वाढले, त्यांनी एकच गिरणी आणि एकच रेडिओ ऐकला. मग म्हातारपण एकाच कानाला कसे आले?

त्यानंतर एका दुकानातून तिच्यासाठी कानाचे यंत्र आणले. त्यात माझा महिन्याचा पगार गेला. दुकानदाराने यंत्र कोणत्या कानाला हवे एवढेच विचारले; एकाच कानाला का हवे, हे विचारले नाही. यंत्र लावल्यावर ती म्हणे, "आवाज मोठा येतो हो, पण शब्द फुटके येतात." ही तिची तक्रार किती मोलाची होती ते पुढे सांगतो. यंत्र डब्यात गेले. मग कानात रात्रंदिवस शिट्टी वाजू लागली. अंधारात परसात जाताना तोल जाऊ लागला, आणि २०१६ च्या थंडीत ती एकदा म्हणाली की, तोंड धुताना डाव्या गालाला पाणी गार लागत नाही. मी म्हटले, दातांचे काही असेल.

२०१७ साली मंडळाने भरवलेल्या आरोग्यशिबिरात आपल्या समाजातील एक तरुण मुलगी, जी नुकतीच नाक-कान-घशाची पदवी घेऊन आली होती, तिने हिला तपासले. तिच्या हातात नादकाटा होता. नादकाटा माझ्या ओळखीचा! शाळेच्या कपाटातील तो काटा वाजवून पाण्याला टेकवायचा आणि मुलांना तुषार उडवून दाखवायचे, हा माझा आवडता पाठ होता. परंतु त्याच काट्याने माणसाच्या डोक्यातील दोष ओळखता येतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळले. तिने तो वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारले, "काकू, आवाज कोणीकडे येतो?" हिने उजवीकडे बोट केले. डॉक्टर गंभीर झाली. ती म्हणाली, "गुरुजी, मळामुळे किंवा पडद्यामागच्या पाण्यामुळे कमी ऐकू येत असते, तर आवाज त्या आजारी कानातच मोठा आला असता." तुम्हीही घरी करून पाहा. एका कानात बोट घालून तोंड मिटून गुणगुणा. आवाज बंद केलेल्या कानात मोठा येईल. वाट अडली की असे होते. परंतु अंतर्कर्ण किंवा त्यापुढचा मज्जातंतूच अधू असेल, तर आवाज चांगल्या कानाकडे जातो. या परीक्षेस वेबर यांचे नाव आहे, आणि हाडातून व हवेतून येणारा आवाज ताडून पाहणारी तिची जोडीदार परीक्षा रिने यांनी १८५५ साली सांगितली. एवढ्या जुन्या आणि एवढ्या स्वस्त परीक्षा. पण आधीच्या चार वर्षांत आमच्या वाट्याला त्या आल्या नव्हत्या.

पुढे जिल्ह्याच्या गावी श्रवणालेख काढला. आलेखाचा कागद हा तर आमचाच विषय. उजव्या कानासाठी तांबडे वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली. आडव्या बाजूस सुराची उंची, उभ्या बाजूस तो ऐकू येण्यासाठी किती डेसिबल जोर द्यावा लागला ते. तांबडी रेघ वरच्या बाजूला सपाट चालली होती. निळी रेघ मात्र उंच सुरांकडे घाट उतरावा तशी खाली गेली होती. नंतर शब्द म्हणून घेतले. उजव्या कानाने जवळजवळ सारे शब्द बरोबर. डाव्या कानात आवाज पुरेसा मोठा करूनही निम्मे नाहीत. यंत्राबद्दलची तिची तक्रार नेमकी हीच होती. आवाजाच्या मानाने शब्द फारच कमी कळणे, ही दोष अंतर्कर्णाच्याही पलीकडे, मज्जातंतूत, असण्याची खूण मानतात.

पुण्यास एम.आर.आय. झाला. गाठ तीन सेंटिमीटरची निघाली.

येथे थोडे शरीरशास्त्र सांगणे प्राप्त आहे. कानातून मेंदूकडे जाणारा आठव्या क्रमांकाचा मज्जातंतू दुहेरी आहे; एक भाग ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. हाडातील जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या बोळातून तो जातो, आणि त्याच बोळातून सातवा, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतूही जातो. मज्जातंतूवर वेष्टन घालणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. तोलाच्या मज्जातंतूवरील या पेशींचीच ही गाठ होते. म्हणून तिचे आजचे नाव व्हेस्टिब्युलर श्वानोमा. जुने नाव अकौस्टिक न्यूरोमा, तेही अजून चालते. ही गाठ कर्करोग नव्हे, हे आधी सांगतो, कारण 'गाठ' म्हटले की आपल्या बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. ती दुसरीकडे पसरत नाही. वाढली तर वर्षाला सरासरी एखाद-दोन मिलिमीटर वाढते, आणि पुष्कळ गाठी वर्षानुवर्षे मुळीच वाढत नाहीत.

तुम्ही विचाराल, गाठ तोलाच्या तंतूवर, मग चक्कर आधी का येत नाही? त्याचे कारण असे की, तोल हळूहळू जात असला तर मेंदू दुसऱ्या बाजूच्या आधारे तो सावरून घेतो. घरातला एक कर्ता थकला की दुसरा मुकाट्याने कामे उचलतो, तसे. श्रवणाला मात्र अशी सोय नाही. बोळात शेजाऱ्याने जागा व्यापली की ऐकण्याचा तंतू चिरडतो, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि पहिली फिर्याद कानाची येते. हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९१७ साली या गाठींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि लक्षणांचा हा क्रम मांडला: आधी कान, मग तोल, मग शेजारचे मज्जातंतू, आणि शेवटी मेंदूवरील दाब, डोकेदुखी, दृष्टिनाश. त्या काळी रोगी शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचत ते बहुधा शेवटच्या पायरीवर, कारण पहिल्या पायरीवर गाठ पाहण्याचे साधनच नव्हते. साध्या क्ष-किरणांत फार तर हाडाचा बोळ रुंदावलेला दिसे. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला गेला, परंतु बोळातील बारीक गाठ त्यातही निसटे. एम.आर.आय. आल्यावर दोन-चार मिलिमीटरची गाठही दिसू लागली. साधन आले, आता प्रश्न उरतो तो कोणाला त्या साधनापाशी पाठवायचे, हा.

कारण एकीकडे हेही खरे आहे की, गाठ दुर्मिळ आहे. लाख माणसांमागे वर्षाला दोन-चार. आणि एका कानाने कमी ऐकणारी माणसे मात्र गल्लोगल्ली आहेत. कोणाचा लहानपणापासून कान वाहतो आहे, कोणाच्या पडद्याला भोक आहे. लहानपणी गालगुंड होऊन एक कान कायमचा गेलेली माणसे तर आपणांत कितीतरी असतील. माझ्या वर्गात एक मुलगा होता. डावीकडच्या बाकावर बसवला की शहाण्यासारखा उत्तरे देई आणि उजवीकडे बसवला की ठोंब्यासारखा बघत राही. मी त्याला दोन वेळा छडी मारली आहे. त्याच्या आईने पुढे सांगितले की, त्याला चौथ्या वर्षी गालगुंड झाले होते. सैन्यात राहिलेल्या, उजव्या खांद्याला बंदूक लावून गोळीबार केलेल्या आपल्या बांधवांचा डावा कान अधिक गेलेला असतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याची आडोशी मिळते. अशा साऱ्यांना गाठीच्या भयाने पछाडून सोडावे काय?

म्हणून डॉक्टरांनी चाळणी परीक्षा ठरवली आहे. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय मार्गदर्शनात असे आहे की, मेंदू-मज्जातंतूची दुसरी काही खूण नसली तरी, दोष अंतर्कर्णाकडचा असून श्रवणालेखावर लागोपाठच्या दोन सुरांना दोन कानांत १५ डेसिबल किंवा अधिक तफावत असेल, तर एम.आर.आय.चा विचार करावा. तपासायचे सूर ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० कंपनांचे. तोल जाणे, चेहरा बधिर होणे अशी दुसरी खूण असेल, तर तेवढ्या तफावतीची वाटही पाहू नये. इतर ठिकाणी चाळणीची भोके थोडी निराळी असतात. ज्या भगिनींनी मैदा आणि रवा दोन्ही चाळले आहेत त्यांना हे सांगायला नको: भोके बारीक केली तर निष्कारण तपासणी होणाऱ्यांची रांग लांबते, मोठी केली तर एखादा खडा पिठात जातो. आणि कोणतीही चाळण सारे खडे अडवीत नाही. गाठ असून दोन्ही कानांचे आलेख जवळजवळ सारखे, असेही थोडे रोगी असतात. म्हणून एकाच कानात सतत वाजणारी शिट्टी, एका कानाने शब्द न कळणे, यांनाही चाळणीत स्थान आहे.

एम.आर.आय. महाग, तेव्हा आधी 'बेरा' नावाची परीक्षा करतात, हेही काहींनी ऐकले असेल. कानात टिकटिक आवाज सोडून तो मज्जातंतूने मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, तो डोक्यावर तारा लावून मोजतात. गाठ असली की संदेश उशिरा पोहोचतो. परीक्षा सुरेख आहे. मोठी गाठ तीत सहसा सुटत नाही. परंतु एक सेंटिमीटरच्या आतील गाठी बऱ्याच निसटतात, आणि नेमक्या त्याच वेळेवर सापडायला हव्या असतात. म्हणून जेथे एम.आर.आय. मिळतो तेथे 'बेरा' ठीक आली म्हणून निर्धास्त राहू नये. पहिल्या चाळणीसाठी साध्या, बारीक कापांच्या एम.आर.आय.नेही काम भागते. दरवेळी शिरेतून औषध टोचावे लागतेच असे नाही, आणि त्यामुळे खर्चही कमी होतो. यात क्ष-किरण नसतात. छातीत पेसमेकर किंवा अंगात धातूचा तुकडा असेल, तर मात्र आधी सांगावे.

श्रवणालेखाविषयी एक बारीक गोष्ट सांगतो, कारण शिबिरांत तीच चुकते. अधू कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीच्या हाडातून चांगल्या कानाला ऐकू जातो, आणि रोगी प्रामाणिकपणे हात वर करतो. वर्गात ढ मुलाला प्रश्न विचारावा आणि शेजारच्या हुशार मुलाने कुजबुजून उत्तर सांगावे, तसा हा प्रकार. यावर उपाय म्हणून चांगल्या कानात तेवढा वेळ खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. मास्किंग म्हणतात त्याला. ते केले नाही तर मेलेला कानही आलेखावर जिवंत दिसतो. आणि मांडवात ध्वनिक्षेपक चालू असताना काढलेला श्रवणालेख हा तर कागदाचा अपव्यय होय. मंडळाच्या मागील शिबिरांत असे कागद वाटले गेले आहेत. मी स्वतः वाटणाऱ्यांत होतो.

आता हिशेबाची गोष्ट. तफावत आढळली म्हणून एम.आर.आय. केलेल्या शंभर माणसांत गाठ सापडते ती सुमारे एक ते पाच जणांत. बाकीच्या पंचाण्णवांहून अधिकांचे काही हजार रुपये, म्हटले तर, वाया जातात. २०२३ साली मीच त्या पंचाण्णवांत होतो. उंच सुरांना माझा डावा कान उजव्याहून २० डेसिबलने मागे पडला. त्या नळीत अर्धा तास ठोकठोक ऐकत पडलो आणि बाहेर आल्यावर कळले की काही नाही. आमचे एक व्याही म्हणाले, "गुरुजी, पैसे फुकट गेले." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. परंतु २०१३ किंवा २०१४ साली असेच काही हजार हिच्यासाठी खर्च झाले असते, तर गाठ किती असती, याचा हिशेब मी अनेक रात्री केला आहे. लहान गाठ असली तर पुष्कळांना काहीच करीत नाहीत. दर वर्षी पुन्हा चित्र काढून नजर ठेवतात. थोडी वाढत असेल तर एकवटलेल्या किरणांचा उपचार करता येतो. चेहऱ्याचा मज्जातंतू वाचण्याचा संभव गाठ लहान तितका अधिक. हिची गाठ मेंदूच्या खोडावर टेकली होती. शस्त्रक्रियेला दहा तास लागले. शस्त्रवैद्यांनी प्राण वाचवले, त्यांचे ऋण फिटणारे नाही. डावा कान संपूर्ण गेला आणि चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डावा डोळा मिटत नाही; रोज रात्री मी त्यात मलम घालतो आणि वरून पट्टी लावतो. एकाच कानामुळे आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना ती माझा हात धरते. आज ती या सभागृहाच्या डाव्या टोकाला बसली आहे, ती माझा आवाज उजव्या कानाकडे यावा म्हणून. हे सारे सांगण्यास तिने परवानगी दिली, एवढेच नव्हे, तर 'छडीचेही सांगा' म्हणाली.

आता थोडे अप्रिय. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने आमच्या मुलीच्या विवाहाचे बोलणे जवळजवळ ठरत आले होते. 'त्यांच्या घराण्यात मेंदूची गाठ आहे' असे कोणी सांगितले आणि ते फिसकटले. मी कोणाचे नाव घेत नाही. मुलीचे पुढे चांगले झाले. परंतु सत्य सांगितले पाहिजे. अशा शंभरांतील सुमारे ९५ गाठी एकाच बाजूच्या असतात आणि त्या आनुवंशिक नसतात. उरलेल्या थोड्यांत दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी होतात, बहुधा तरुण वयात. तो प्रकार मात्र कुळातून उतरू शकतो, आणि अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला निम्मा धोका असतो. तेथे लपवाछपवी नको, उलट मुलांची तपासणी लवकर हवी. मंडळाच्या वधूवर-नोंदवहीत मुलीला एका कानाने कमी ऐकू येते हे कळू नये म्हणून आईबाप तिला डॉक्टरकडेच नेत नाहीत, अशी दोन उदाहरणे मला ठाऊक आहेत. नोंदवहीपेक्षा मुलगी मोठी.

आणखी एक गोष्ट राहिली. रात्री निजला आणि सकाळी एक कान एकाएकी बंद झाला, असे झाल्यास दडा बसला आहे म्हणून तेल घालीत बसू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावे. बहुतेकांत गाठ नसते, थोड्यांत असते. पण गाठ असो वा नसो, त्या आजारावरील औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

घरी करण्याजोगी परीक्षा एवढीच की, आज फोन नेहमीच्या कानाऐवजी दुसऱ्या कानाला लावून दोन मिनिटे बोलावे. शब्द तसेच कळले तर ठीक. न कळले तर ते मनात ठेवू नये, आणि मळ काढूनही तसेच राहिले तर 'वय झाले' हे उत्तर घेऊन घरी येऊ नये.

कार्यकारिणीने माझी विनंती मान्य करून वैद्यकीय साहाय्य निधीतून अशा तपासणीसाठी यंदा काही रक्कम निराळी ठेवली आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. मघाशी जिचा उल्लेख केला ती डॉक्टर मुलगी आज येथे आली आहे. भोजनानंतर मागच्या इमारतीतील सातवीच्या वर्गात ती बसेल. त्या खोलीच्या खिडक्या बंद होतात, मी काल जाऊन पाहिल्या आहेत. पंखा बंद ठेवावा लागेल, तेव्हा थोडे उकडेल. मंडपातील ध्वनिक्षेपक तीन ते पाच बंद ठेवण्याचे चिटणीसांनी कबूल केले आहे. ज्यांची नावे नोंदवायची असतील त्यांनी आमच्या मंडळींकडे द्यावीत. त्यांच्या उजव्या बाजूस उभे राहून बोलावे.